डेल्टा जी नॉट पॉझिटिव्ह आहे, मग अमोनिया बनतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंड इयरला असलेल्या एका मुलीने विचारलंय की काका, ७०० केल्विनला अमोनियाच्या रिॲक्शनचा डेल्टा जी नॉट (म्हणजे स्टँडर्ड फ्री एनर्जीतला फरक) टेबलमधून अधिक ५४ किलोज्यूल येतो, क्लासच्या नोट्समध्ये त्याच्यापुढे सरळ "नॉन-स्पॉन्टेनियस", म्हणजे आपोआप न होणारी, असं लिहिलंय, आणि इथे आपल्या बडोद्यात बाजव्याच्या बाजूला त्याच तापमानाला वर्षानुवर्षं अमोनिया बनतोय, तर खोटं कोण? शिवाय भांड्यात वायूंचं मिश्रण दिलेलं असेल तर ते कुठल्या दिशेने जाईल हे नक्की कसं ठरवायचं? आणि तिसरं, ठराविक प्रेशरला, ६० टक्के नायट्रोजन असलेल्या मिश्रणात आणखी नायट्रोजन घातला तर रिॲक्शन उलटी जाते असं एका आन्सर कीमध्ये आहे, सगळा वर्ग म्हणतोय की की चुकलीये.

मी बरीच वर्षं अमोनियाच्या प्लांटवर शिफ्ट केलीये, त्यामुळे पहिल्या प्रश्नाला हसू आलं पण प्रश्न एकदम बरोबर आहे. खोटं कोणीच नाही, फक्त नोट्समध्ये अर्धंच लिहिलंय. डेल्टा जी नॉटमधला तो "नॉट" सगळे लिहितात आणि लगेच विसरतात. नॉट म्हणजे स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक वायू आपापल्या १ बार प्रेशरला, नायट्रोजन १ बार, हायड्रोजन १ बार, अमोनियाही १ बार. अशा एका ठराविक मिश्रणाबद्दल तो आकडा बोलतो. तुझ्या भांड्यात ते मिश्रण आहे का? नाही ना, मग त्याचं चिन्ह बघून दिशा कशी ठरवणार.

दिशा ठरते साध्या डेल्टा जीवरून, नॉट नसलेल्या. डेल्टा जी बरोबर डेल्टा जी नॉट अधिक आर टी एलएन क्यू. आर म्हणजे वायूंचा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान, एलएन म्हणजे नॅचरल लॉग. क्यू म्हणजे आत्ता या क्षणी भांड्यात जी पार्शल प्रेशर्स (एकूण प्रेशरमधला एकेका वायूचा वाटा) आहेत ती बारमध्ये घेऊन काढलेला भागाकार, प्रॉडक्ट वर, रिॲक्टंट खाली, समीकरणातले आकडे घात म्हणून. आणि डेल्टा जी नॉट स्वतःच उणे आर टी एलएन के असतो (के म्हणजे इक्विलिब्रियमला, म्हणजे समतोल झाल्यावर, क्यूची जी किंमत येते ती), म्हणून दोन्ही एकत्र केलं की उरतं एवढंच: डेल्टा जी बरोबर आर टी एलएन (क्यू भागिले के). क्यू के पेक्षा लहान तर पुढे, मोठा तर मागे, सारखा तर जिथे आहे तिथे. सगळं गणित एवढंच आहे, बाकी सगळ्या त्यातल्या खाचाखोचा.

अमोनियाच्या आधी एक छोटं उदाहरण घे, कारण त्यात गोष्ट डोळ्यांना दिसते. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, हाच तो जो पीएसएलव्हीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये ऑक्सिडायझर म्हणून भरतात. तो रंगहीन असतो, आणि फुटला की त्याच्या एका रेणूचे नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन होतात, जो तांबूस-तपकिरी. २५ अंशाला या फुटण्याचा डेल्टा जी नॉट साधारण अधिक ४.७ किलोज्यूल. नोट्सच्या हिशेबाने ही पण "नॉन-स्पॉन्टेनियस", म्हणजे फुटायलाच नको. प्रत्यक्षात शुद्ध टेट्रॉक्साइडचा वायू १ बारला ठेवला तर त्यातला जवळजवळ १९ टक्के फुटतो आणि बाटली तपकिरी दिसते. का? सुरुवातीला डायऑक्साइड शून्य, म्हणून क्यू शून्य, शून्याचा एलएन उणे अनंत, आणि उणे अनंतात ४.७ मिळवून काय फरक पडणार. ५४ मिळव, ५०० मिळव, तरी उणेच. म्हणजे वायूंच्या रिॲक्शनमध्ये प्रॉडक्ट अजिबात नसेल तर ती थोडी तरी पुढे जातेच, डेल्टा जी नॉट काहीही असो. किती पुढे जाते हा वेगळा प्रश्न, ५०० असेल तर मोजता येणार नाही इतकी कमी. आता त्याच बाटलीत दोन्ही वायू १-१ बार भर, क्यू झाला १, के आहे ०.१४८, रिॲक्शन मागे जाणार, रंग फिका होणार. तो अधिक ४.७ खरं तर याच बाटलीबद्दल सांगत होता.

इथे एक गैरसमज मुळातच काढून टाक. डेल्टा जी म्हणजे "सगळे रिॲक्टंट संपून सगळे प्रॉडक्ट झाले तर एनर्जीत पडणारा फरक" असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. ते नाहीये. दोन खिळ्यांना एक ढिली दोरी बांध, एक खिळा जरा वर, एक जरा खाली. डावा खिळा म्हणजे नुसते रिॲक्टंट, उजवा म्हणजे नुसते प्रॉडक्ट, आणि दोरीची उंची म्हणजे मिश्रणाची एकूण फ्री एनर्जी. वायू एकमेकांत मिसळतात म्हणून मध्ये दोरी खाली झुकते, तो झोल मिसळण्याच्या एन्ट्रॉपीचा. डेल्टा जी नॉट सांगतो खिळ्यांच्या उंचीतला फरक. डेल्टा जी सांगतो तू दोरीवर जिथे उभी आहेस तिथला उतार. उतार उजवीकडे असेल तर पुढे, डावीकडे असेल तर मागे, आणि सगळ्यात खालचा बिंदू म्हणजे इक्विलिब्रियम, तिथे उतार शून्य. उजवा खिळा वर असला तरी डाव्या टोकाला दोरी आधी खालीच जाते, हे डोळ्यासमोर आलं की "पॉझिटिव्ह आहे तरी कशी होते" हा प्रश्नच उरत नाही.

आता अमोनिया. एक नायट्रोजन अधिक तीन हायड्रोजन, दोन अमोनिया. ७०० केल्विन म्हणजे ४२७ अंश, कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे अमोनिया बनतो त्या भांड्यात, लोखंडाच्या कॅटॅलिस्टच्या बेडमध्ये असंच काहीतरी तापमान असतं. टेबलमध्ये ७०० केल्विनला अमोनियाची फॉर्मेशनची फ्री एनर्जी २७.२ किलोज्यूल प्रति मोल आहे, आपल्या समीकरणात दोन मोल म्हणून ५४.४. (इथेच निम्मे लोक घसरतात, टेबल एका मोलचं असतं आणि समीकरण दोनचं.) यावरून के निघतो ०.००००८७. असे आकडे वाचवत नाहीत म्हणून मी दहा लाखात सांगतो: के म्हणजे दहा लाखात ८७.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी समज १५० बार, ४ टक्के अमोनिया, २४ टक्के नायट्रोजन, ७२ टक्के हायड्रोजन. लूपमधून, म्हणजे न वापरला गेलेला गॅस परत फिरवणाऱ्या वाटेने, येणाऱ्या गॅसमध्ये थोडा अमोनिया असतोच, पूर्ण थंड करून काढला जात नाही. पार्शल प्रेशर ६, ३६ आणि १०८ बार. क्यू बरोबर ६ चा वर्ग भागिले ३६ गुणिले १०८ चा घन. वरचे ३६ आणि खालचे ३६ उडाले, उरलं एक भागिले १०८ चा घन, म्हणजे दहा लाखात ०.८. के ८७, क्यू ०.८, शंभर पटीहून जास्त फरक. डेल्टा जी काढला तर ५४.४ वजा ८१.७, म्हणजे उणे २७ किलोज्यूल. पुढे, आणि जोरात पुढे.

तेच मिश्रण, तेच तापमान, तीच टक्केवारी, फक्त प्रेशर १ बार कर. क्यूच्या खाली प्रेशरचा चौथा घात, वर दुसरा, म्हणून क्यू १५० च्या वर्गाने म्हणजे २२,५०० पटीने वाढतो. दहा लाखात ०.८ चे झाले जवळपास १७,९००. के तसाच ८७, कारण तो फक्त तापमानावर. आता डेल्टा जी अधिक ३१. तो ४ टक्के अमोनियासुद्धा फुटायला निघाला. ५४ चा आकडा दोन्हीकडे तोच होता, काहीही बदललं नव्हतं त्याच्यात, दिशा मात्र उलटली. तुझ्या नोट्सवाल्यांना हे एक गणित करायला सांग.

बाहेर पडताना अमोनिया १६ टक्क्यांवर गेलाय असं धर, तर क्यू दहा लाखात २२ च्या आसपास, डेल्टा जी उणे ८. अजून पुढे जायची इच्छा आहे पण उतार कमी झालाय. ७०० केल्विन, १५० बारला आदर्श वायू धरून इक्विलिब्रियम २५ टक्क्यांवर येतं. त्यापलीकडे याच तापमानाला आणि प्रेशरला कुठलाही कॅटॅलिस्ट तुला नेणार नाही, कारण कॅटॅलिस्ट के ला हात लावत नाही, तो फक्त घाई करतो.

आता एक गोष्ट जी परीक्षेत कोणी विचारत नाही पण कामाच्या ठिकाणी महत्त्वाची. ७०० केल्विनचं टेबल नसेल तर आपण काय करतो? २५ अंशाचा डेल्टा एच (एन्थाल्पीतला फरक) घेतो, उणे ९१.८ किलोज्यूल, डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला फरक) घेतो, उणे १९८ ज्यूल प्रति केल्विन, आणि एच वजा टी एस करून टाकतो. ७०० ला करून बघ, अधिक ४७ येतं, ५४ नाही. सात-साडेसात किलोज्यूलने काय बिघडतं म्हणशील, पण के घातांकी आहे, तो ८७ च्या ऐवजी ३१८ निघतो, साडेतीन पटीहून जास्त. आता १५० बारला ३० टक्के अमोनिया असलेलं मिश्रण घे, बाकी नायट्रोजन-हायड्रोजन एकास तीन. त्याचा क्यू येतो दहा लाखात १५८. ३१८ शी तुलना केली तर रिॲक्शन पुढे, ८७ शी केली तर मागे. म्हणजे दिशेचं उत्तरच चुकलं. कारण असं की चार रेणूंचे दोन होताना हीट कपॅसिटी बदलते, त्यामुळे तापमानाबरोबर डेल्टा एच आणि डेल्टा एस दोन्ही सरकतात, ७०० ला डेल्टा एच उणे १०५ च्या आसपास जातो. सरळ उपाय असा की क्यू आणि के मध्ये दहा-वीस पटीचा फरक असेल तर एच वजा टी एस बिनधास्त वापर, दोघं जवळ आले की टेबल उघड. आणि शे-दीडशे बारला वायू आदर्श राहत नाहीत, पार्शल प्रेशरच्या जागी फ्युगॅसिटी, म्हणजे दुरुस्त केलेलं प्रभावी प्रेशर, घ्यावी लागते, अमोनियाच्या बाबतीत त्याने खरं इक्विलिब्रियम थोडं अमोनियाच्या बाजूला सरकतं. तेही तेव्हाच बघायचं जेव्हा क्यू के च्या अगदी शेजारी आहे.

हे "शेजारी" काही पुस्तकी नाही हां. के चा आकडा थोडा इकडचा तिकडे झाला तर काय होतं त्यावर हाबर आणि नर्न्स्ट या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांचं १९०७ साली हॅम्बुर्गच्या सभेत जाहीर भांडण झालं होतं. हाबरने मोजलेला अमोनियाचा इक्विलिब्रियम नर्न्स्टच्या हिशेबाशी जुळेना. मग हाबरने आपला सहकारी ले रोसिन्योल याच्याबरोबर ३० ॲटमॉस्फिअर प्रेशरला परत मोजमाप केलं, त्यातून जास्त प्रेशरची वाट धरली, १९०९ मध्ये कार्ल्सरूहेला थेंब थेंब अमोनिया पाडून दाखवला आणि १९१३ ला ओपाऊचा कारखाना चालू झाला.

प्रेशरचं झालं, तापमानाने दिशा कशी फिरते ते शिफ्ट कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे मोनॉक्साइडपासून हायड्रोजन करणाऱ्या भांड्यात, छान दिसतं. कार्बन मोनॉक्साइड अधिक वाफ, त्याचे कार्बन डायऑक्साइड अधिक हायड्रोजन. बाजव्याच्या खत कारखान्यात काय किंवा कोयलीच्या रिफायनरीत काय, मिथेन-नाफ्थ्यापासून हायड्रोजन करायचा तर ही पायरी येतेच. दोन्ही बाजूंना दोन-दोन मोल, म्हणून प्रेशर क्यूमधून उडून जातं, टक्केवारी थेट टाकली तरी चालतं, हा एक आराम. समज गॅसमध्ये मोनॉक्साइड ३ टक्के, वाफ ३०, डायऑक्साइड १५, हायड्रोजन ५२. क्यू बरोबर १५ गुणिले ५२ भागिले ३ गुणिले ३०, म्हणजे ८.७. आता ४०० अंशाला के साधारण १२, तर पुढे जाईल, जरासं. ४५० अंशाला के साडेसातच्या खाली, तर मागे जाईल, म्हणजे जो मोनॉक्साइड मोठ्या मेहनतीने संपवला तो परत बनायला लागेल. पन्नास अंशात दिशा फिरली! आणि २०० अंशाला के २०० च्या वर, तिथे हाच गॅस धो-धो पुढे जातो. म्हणूनच दोन टप्पे असतात, आधी गरम टप्पा लोखंड-क्रोमच्या कॅटॅलिस्टवर, कारण तिथे वेग मिळतो, मग गॅस थंड करून दुसरा टप्पा तांबे-जस्ताच्या कॅटॅलिस्टवर २००-२३० अंशाला, कारण तिथे दिशा मिळते. पहिल्या टप्प्यातून निघालेल्या गॅसमध्ये मोनॉक्साइड अचानक वाढलेला दिसला तर नवीन पोरं लगेच कॅटॅलिस्ट मेला म्हणतात, जुना पॅनल ऑपरेटर आधी आउटलेटचं तापमान आणि वाफेचा रेशो बघतो. कॅटॅलिस्ट मेला असेल तर क्यू के च्या बराच खाली राहतो. क्यू के ला टेकलेला असेल तर कॅटॅलिस्ट बिचारा त्याचं काम पूर्ण करून बसलाय, के च खाली आलाय.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तेवढं एका ओळीत: २५ अंशाला अमोनियाचा डेल्टा जी नॉट उणे ३३ आहे, तरी नायट्रोजन आणि हायड्रोजन एका सिलिंडरमध्ये भरून ठेव, तुझी नातवंडं येऊन बघतील तरी त्यात अमोनिया नसेल. दिशा आणि वेग ही दोन वेगळी खाती.

आकडे टाकताना होणारे घोळ नेहमीचेच आहेत. डेल्टा जी किलोज्यूलमध्ये आणि आर ८.३१४ ज्यूलमध्ये, उत्तर हजार पटीने गेलं. एलएनच्या जागी कॅल्क्युलेटरचं लॉग बटण दाबलं आणि २.३०३ विसरले. प्रेशर किलोपास्कलमध्ये तसंच टाकलं, जे अमोनियात दहा हजार पटीची चूक करतं पण शिफ्टच्या गणितात काहीच करत नाही, म्हणून मुलांना वाटतं की चालतं. समीकरण अर्धं करून लिहिलं तर के चं वर्गमूळ होतं, घाबरू नकोस, क्यूचंही वर्गमूळ होतं, दिशा तीच राहते, फक्त के एका समीकरणाचा आणि क्यू दुसऱ्याचा घेऊ नकोस.

आता तुझी आन्सर की. वर्ग म्हणतोय रिॲक्टंट वाढवला तर ले शातेलिएच्या तत्त्वाप्रमाणे (बदल केला की रिॲक्शन त्याला विरोध करणाऱ्या बाजूला सरकते) रिॲक्शन पुढेच जाणार. भांडं बंद आणि आकारमान ठराविक असेल तर हो, शंभर टक्के, कारण बाकीच्यांची पार्शल प्रेशर्स जागच्या जागी राहतात आणि नायट्रोजनची वाढते, क्यू कमी होतो. पण तुझ्या प्रश्नात प्रेशर ठराविक आहे. नायट्रोजन घातला की पिस्टन वर सरकतो, हायड्रोजनचं पार्शल प्रेशर घटतं, आणि हायड्रोजन क्यूमध्ये घनात बसलाय. कोण जिंकतं ते मोलमध्ये लिहून बघ. ठराविक प्रेशरला क्यूमध्ये नायट्रोजनमुळे बदलणारा भाग एवढाच: एकूण मोलचा वर्ग भागिले नायट्रोजनचे मोल. समज इक्विलिब्रियमला नायट्रोजन ६ मोल, हायड्रोजन ३, अमोनिया १, एकूण १०. तो भाग १०० भागिले ६, म्हणजे १६.७. आणखी २ मोल नायट्रोजन घाल, एकूण १२, नायट्रोजन ८, आता १४४ भागिले ८, म्हणजे १८. क्यू वाढला, के तोच, रिॲक्शन मागे. आता नायट्रोजन २ मोल, हायड्रोजन ७, अमोनिया १ घेऊन बघ: आधी १०० भागिले २ म्हणजे ५०, दोन मोल घातल्यावर १४४ भागिले ४ म्हणजे ३६, क्यू घटला, पुढे. सीमारेषा बरोबर अर्ध्यावर आहे, मिश्रणात नायट्रोजन निम्म्याहून जास्त असेल तर आणखी थोडा नायट्रोजन घातल्याने अमोनिया कमी होतो. तुझ्या प्रश्नात ६० टक्के नायट्रोजन दिलाय, म्हणजे की बरोबर आहे आणि वर्ग चुकतोय.

याच पद्धतीने आरगॉनचंही काढता येतं. तो रिॲक्शनमध्ये नाही, पण ठराविक प्रेशरला एकूण मोल वाढवतो, एकूणचा वर्ग वर बसलाय, क्यू वाढतो, अमोनिया फुटायच्या बाजूला ओढ. ठराविक आकारमानाला मात्र काहीच होत नाही. प्लांटमध्ये लूपचं प्रेशर आपण ठराविक ठेवतो, हवेतून नायट्रोजनबरोबर जवळपास एक टक्का आरगॉन आत येतो, वर न फुटलेला मिथेन येतो, दोघंही कशातच भाग घेत नाहीत आणि फेरी मारत साठत जातात. म्हणून थोडा गॅस सतत पर्ज करावा, म्हणजे लूपबाहेर सोडावा लागतो, त्यात चांगला हायड्रोजनही जातो आणि तो परत मिळवायला वेगळं युनिट बसवावं लागतं.

उत्तरपत्रिकेत मात्र "ले शातेलिएनुसार" असं लिहून थांबू नकोस, १६.७ आणि १८ चे दोन आकडे लिही, प्रेशर ठराविक आहे हे वाक्य अधोरेखित कर, तपासणाऱ्याला मार्क द्यावेच लागतील.